धूर कमी झाला, चूल विझली नाही

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१८ साली शहरी वायुवितरणाच्या निविदांची नववी फेरी काढली, तीत सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एकच क्षेत्र मानण्यात आले. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा काढलेला आणि १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाणारा जिल्हा जळणाच्या नकाशावर तरी पुन्हा आपल्या थोरल्या भावाशेजारी येऊन बसला. हे क्षेत्र भारत पेट्रोलियमच्या भारत गॅस रिसोर्सेस या उपकंपनीकडे गेले आणि २०२२ साली ती उपकंपनी मूळ कंपनीत विलीन झाली. नळाने पाणी यावे तसे नळीने जळण यावे, टाकी संपल्याची धास्ती राहू नये, मीटरवर जेवढा आकडा पडेल तेवढेच पैसे द्यावेत, अशी ही योजना आहे. योजनेत वाईट असे काही नाही. श्रमजीवी माणसाच्या घरातील स्त्री धुरातून सुटत असेल तर त्या सुधारणेला विरोध करण्याचे कारण समाजवादी चळवळीला कधीच नव्हते. परंतु सुधारणा कोणाच्या दारापासून सुरू होते आणि कोणाच्या दाराशी येऊन थांबते, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिचे स्वागत करणे म्हणजे आंधळेपणा होईल.

थंड देशांत घरगुती जळणाचा प्रश्न मुख्यतः घर उबदार ठेवण्याचा असतो. तेथे एके काळी कोळसा जळत होता, पुढे तेल आले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांनी तेलाच्या भट्ट्या काढून नैसर्गिक वायूकडे मोर्चा वळविला. कृष्णाकाठच्या घराला असे तापवावे लागत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा माथा सोडला तर येथे घर तापविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. येथे तापते ते पाणी, आणि शिजते ते अन्न. या दोन कामांत भेद आहे आणि तो सरकारी आकडेवारीत कोठेच दिसत नाही. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली म्हणजे घर गॅसवर आले, अशी नोंद होते. परसात किंवा दाराशी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असतो, तीन दगडांवर हंडा चढलेला असतो, त्यात चिपाडे, बाभळीच्या फांद्या, शेणी जळत असतात, त्याची नोंद होत नाही. खाटिकाच्या सुट्टीच्या दिवशी चुलीवर चढणारे मटण हा हौसेचा भाग झाला. पण रोज पहाटे पाच-सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी तापविणे ही हौस नव्हे. त्यासाठी गॅस जाळणे परवडत नाही म्हणूनच बंब टिकून आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील स्वच्छ जळण वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ६० टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ८० टक्क्यांच्या जवळ आले. हा फरक लहान नाही आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ही पाहणी स्वयंपाकाचे मुख्य जळण कोणते एवढेच विचारते. मुख्य जळणाच्या जोडीला आणखी काय जळते, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काय जळते, आणि टाकी संपल्यापासून नवी येईपर्यंतच्या दिवसांत काय जळते, हे प्रश्न त्या तक्त्याबाहेर राहतात. गरिबाचा खरा हिशेब मात्र तेथेच आहे.

जळणाच्या प्रश्नाला महाराष्ट्रात राजकीय इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात धान्याबरोबर रॉकेलही दिसेनासे झाले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. लाटण्याची निवड सहज झालेली नव्हती. स्वयंपाकघर ही राज्यकारभाराची जागा आहे, तेथे काय जळते आणि किती भावाने जळते याचा जाब मंत्रालयाला द्यावा लागेल, हे त्यातून सांगितले गेले. त्या काळी गॅसची जोडणी ही शहरी मध्यमवर्गाची मिरासदारी होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे गॅसधारकांच्या शिधापत्रिकेवर शिक्का मारून त्यांचे रॉकेल कमी करण्याची पद्धत आली. तर्क बरोबर होता: ज्याला गॅस मिळाला त्याचे रॉकेल ज्याला मिळाला नाही त्याला जावे.

गेल्या दशकात या तर्काचे विडंबन झाले. आधी घरोघरी जोडणी द्यायची, मग जोडणी आहे म्हणून रॉकेल बंद करायचे, आणि जोडणी असूनही टाकी भरता येत नाही याची दखल कोणी घ्यायची नाही. २०१८ साली महाराष्ट्रात रॉकेल घेण्यासाठी आपल्याकडे गॅस नाही असे हमीपत्र मागण्यात आले. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रॉकेलच्या अनुदानापुढे शून्य होते. रॉकेल हे काही गुणी जळण नव्हे. स्टोच्या भडक्यात किती स्त्रिया भाजल्या, त्यांतील किती खरोखरीच्या अपघातात भाजल्या आणि किती सासरच्या ‘अपघातात’, याची आठवण ज्यांना आहे त्यांना रॉकेल गेल्याचे दुःख होणार नाही. पण रॉकेलमध्ये एक गोष्ट होती. ते बाटलीने मिळत असे. संध्याकाळी मजुरीचे पैसे हाती आले की पोराला बाटली देऊन अर्धा लिटर रॉकेल आणायला पाठवता येत होते. सरपणाला तर पैसेच लागत नव्हते. लागत होते ते बाईचे पाय, बाईची पाठ आणि बाईचा वेळ, आणि त्यांची किंमत धरण्याची रीत या समाजात नाही.

टाकीचे तसे नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅमची टाकी अर्धी घेता येत नाही, आज पावशेर आणि उद्या पावशेर अशी घेता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती टाकीमागे ५० रुपये वाढविण्यात आले, तेव्हा मुंबईतील किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली. त्याच २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावरील महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका टाकीसाठी पावणेतीन दिवसांची मजुरी, तीही एकरकमी. ज्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात केला, तिच्याच दराने हा हिशेब मांडला आहे. काम वर्षाचे बाराही महिने मिळत नाही आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडते असेही नाही. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतमजुराच्या घरात एका वेळी साडेआठशे रुपये मोकळे असतील असे दिवस महिन्यात किती येतात? त्या दिवशी टाकी घ्यायची, दुकानदाराची उधारी भागवायची, की पोराच्या वह्या आणायच्या?

उज्ज्वला योजनेचे यश आणि अपयश दोन्ही या एकाच जागी दडलेले आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे तिचा प्रारंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीवी जोडणी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका महिलेच्या हाती देण्यात आली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांत शेगडी पोचविणे हे सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांचे मोठेच काम होते. मात्र त्याच २०१९-२० या वर्षी उज्ज्वलाच्या सरासरी लाभार्थीने वर्षभरात तीनच टाक्या भरून घेतल्या. पुढच्या वर्षी साथीच्या काळात तीन टाक्या मोफत देण्यात आल्या, तेव्हा सरासरी चारच्या वर गेली. मोफत टाक्या थांबल्या आणि भाव चढले तशी ती पुन्हा चारच्या खाली उतरली. २०२३-२४ मध्येही ती चारला पोचली नव्हती. इतर ग्राहकांची सरासरी सहाच्या वर असते. ‘चुलीवरच्या भाकरीची गोडी सुटत नाही’, ‘गावच्या बायांची सवय जात नाही’ अशी कारणे काही विद्वान सांगत असतात. टाकी मोफत मिळताच सवय जाते आणि पैसे लागताच परत येते, अशी ही विलक्षण सवय आहे!

अनुदानाची कथा याहून वेगळी नाही. योजनेच्या पहिल्या टप्प्यात शेगडी आणि पहिली टाकी कर्जाने घेणाऱ्यांच्या अनुदानातूनच ते कर्ज वळते करून घेतले जाई, त्यामुळे मोफत जोडणीचा गाजावाजा ऐकलेल्या बाईला पुढच्या टाक्या बाजारभावानेच घ्याव्या लागल्या. २०२० च्या मध्यापासून बहुतेक ग्राहकांच्या खात्यात अनुदान येणेच थांबले. तेव्हा मुंबईत सहाशेच्या आत असलेली टाकी मे २०२२ मध्ये हजारावर गेली. मग उज्ज्वलाच्या ग्राहकांना टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान सुरू झाले. हे अनुदान नंतर बँकेच्या खात्यात येते. दारात टाकी उतरते तेव्हा मोजावे लागतात ते पूर्ण पैसे. ज्याच्याजवळ आज पैसे नाहीत त्याला ‘आधी भर, मग देतो’ असे सांगणारे अनुदान मुळात गरज नसलेल्यालाच सोईचे असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे जाहीर केले. तेथेही आधी भरा आणि मग परत घ्या हीच चाल. उलट तेल कंपन्यांना घरगुती गॅसवर सोसावा लागलेला तोटा भरून देण्यासाठी २०२२ साली २२ हजार कोटी आणि २०२५ साली ३० हजार कोटी रुपये केंद्राने मंजूर केले. कंपन्या सार्वजनिक मालकीच्या आहेत, त्यांना बुडू देऊ नये हे योग्यच. पण त्यांच्या तोट्याचा हिशेब केंद्रीय मंत्रिमंडळ ठेवते आणि मजुराच्या पदरच्या खोटीचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

नळीच्या गॅसचे महत्त्व खरे तर याच संदर्भात आहे, आणि त्याची शोकांतिकाही याच संदर्भात आहे. नळीने येणारा वायू मुख्यतः मिथेन असतो. टाकीतला प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन हवेहून हलका असल्याने गळती झाली तर वर निघून जातो, टाकीतला वायू जमिनीलगत साचून राहतो. शेगडी तीच चालते, फक्त तिच्या बर्नरचे जेट बदलावे लागतात. या सर्व सोयी आहेत, पण गरिबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय निराळीच आहे. येथे आधी वापर आणि मग बिल. एकरकमी साडेआठशे रुपये बाळगण्याची गरज नाही. ज्या दिवशी भाकरी केली त्या दिवशीचा वायू, नाही केली तर नाही. रॉकेलच्या बाटलीतली सोय आणि गॅसच्या ज्योतीतली स्वच्छता एकत्र आणणारी ही व्यवस्था आहे. म्हणजे ज्याच्या हाती रोज थोडे पैसे येतात त्याच्यासाठीच ती जणू निर्माण झाली आहे.

पण नळी कोठे जाते? दाट वस्ती, पक्की घरे, नियमित पगार, स्वतःच्या नावाचा उतारा अशा ठिकाणी ती आधी जाते. एका इमारतीत चाळीस जोडण्या मिळाल्या तर खणलेल्या रस्त्याचा खर्च भागतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत चाळीस घरांसाठी दोन किलोमीटर नळी टाकावी लागते. परिणाम असा की पगारदार माणूस वापरानंतर दोन महिन्यांनी बिल भरणार आणि रोजंदारीवरची बाई महिनाभराचे जळण आगाऊ पैसे देऊन विकत घेणार. उधार द्यायचे ते श्रीमंताला आणि रोख घ्यायचे ते गरिबाकडून, हा सावकारीचा जुना नियम असा नव्या नळ्यांतून वाहू लागतो. यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टावा नाही. निविदेची रचनाच तशी आहे. नवव्या फेरीत बोलीच्या मूल्यमापनात घरगुती जोडण्यांच्या संख्येला सर्वांत जास्त वजन होते. संख्या मागितली की संख्या मिळते. त्या जोडण्यांपैकी किती कामगार वस्तीत, किती झोपडपट्टीत, किती भाडेकरूंच्या खोल्यांत असाव्यात, असा रकाना निविदेत असता तर कंपनीने तोही भरला असता.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी ब्रिटनचे उदाहरण पाहावे. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यानंतर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत तेथील राष्ट्रीयीकृत वायुउद्योगाने देशातील सुमारे एक कोटी तीस लाख ग्राहकांची उपकरणे कोळशाच्या वायूवरून नैसर्गिक वायूवर आणली. गल्लीमागून गल्ली घेत, घरात शिरून, प्रत्येक शेगडीचे आणि भट्टीचे बर्नर बदलण्यात आले आणि त्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेतले नाहीत. तेथे नळ्यांचे जाळे आधीपासून होते, येथे ते नव्याने घालायचे आहे, हा फरक मोठा आहे. तरी गल्लीतले एकही घर सुटता कामा नये हा दंडक तेथे पाळता आला, कारण उद्योग लोकांच्या मालकीचा होता आणि हिशेब राष्ट्राच्या पातळीवर मांडला जात होता. पुढे १९८६ साली थॅचरबाईंच्या राज्यात तोच उद्योग विकला गेला, ही निराळी गोष्ट.

मालकीचा प्रश्न सातारा-सांगलीलाही परका नाही. या दोन जिल्ह्यांचा परवाना ज्या भारत पेट्रोलियमकडे आहे ती मूळची बर्मा-शेल. याच परदेशी कंपनीने १९५५ साली मुंबईत घरगुती गॅस विकण्यास प्रारंभ केला होता. १९७६ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे ती विकण्याचा घाट घातला गेला तेव्हा, राष्ट्रीयीकरणाचा कायदा संसदेने बदलल्याशिवाय ती विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बजावले. २०१६ मध्ये तो कायदाच निकाली काढण्यात आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने आपला सुमारे ५३ टक्के हिस्सा संपूर्ण विकण्याचे ठरविले. मे २०२२ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. खरेदीदार टिकले नाहीत म्हणून, सुबुद्धी सुचली म्हणून नव्हे. विक्री झाली असती तर कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील चुलीचे भवितव्यही तिच्याबरोबर विकले गेले असते. तो धोका कायमचा टळला असे समजण्याइतके भोळे कार्यकर्ते या पक्षात नसावेत.

आयात केलेल्या वायूवर राज्याचे भवितव्य बांधले की काय होते, हे दाभोळने महाराष्ट्राला एकदा शिकविले आहे. एन्रॉनशी १९९२ साली सामंजस्य करार झाला, १९९५ साली तो रद्द झाला, १९९६ साली नव्या अटींवर पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली ती नाफ्थ्यावर, आणि २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबविली. त्याच वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले. त्या प्रकल्पासाठी आखलेले द्रवरूप वायूचे बंदर २०१३ साली कामास लागले आणि तेथून बंगळुरूकडे जाणारी नळी त्याच वर्षी सुरू झाली. आज देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा आणि घरगुती टाकीतल्या वायूपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, तोही बव्हंशी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. आखातात तोफ डागली की जत तालुक्यातल्या भाकरीचा भाव हलतो. घरगुती नळीसाठी देशात निघणारा स्वस्त वायू आधी द्यावा असे धोरण २०१४ पासून आहे, ते चांगले आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, तेही चांगले. पण देशातील विहिरी जुन्या होत आहेत आणि मोटारींना लागणारा वायू वाढतो आहे. दोघांत वाटणीची वेळ आली तर स्वयंपाकघराची बाजू कोण लावून धरणार?

आणि या दोन जिल्ह्यांत जळण काय फक्त आखातातूनच यायचे? ऊस, जनावरे आणि शेण यांच्या बाबतीत महाराष्ट्रात फार थोडे मुलूख यांच्या बरोबरीचे आहेत. साताऱ्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्मे पाणी मिसळलेल्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी तयार केली आणि तिचे काम २००७ साली प्रसिद्धही केले. पाणी मिसळलेले असल्याने भडका उडण्याची भीती कमी, धूर नाही, आणि जळण बाटलीने विकता येण्यासारखे. साखर कारखान्यांच्या प्रदेशात याहून अधिक सोईचे काय असू शकते? पण अल्कोहोल म्हटले की अबकारी खात्याचे नियम आडवे येतात. तेच अल्कोहोल मोटारीच्या टाकीत घालायचे ठरले तेव्हा मात्र नियम मऊ झाले, व्याजात सवलत मिळाली, भाव बांधून मिळाला, आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले गेले. उसाच्या रसाने मोटार चालते. त्याच उसाच्या फडात राबणाऱ्या बाईची चूल मात्र पाचटावरच राहते.

गोबर गॅसचेही तसेच. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात आणि केंद्र शासनाने १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून तो हाती घेतला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. ती ज्याच्या गोठ्यात आहेत त्याला गॅस मिळाला, खत मिळाले, अनुदानही मिळाले. ज्याच्या घरी जनावर नाही तो पूर्वी माळावरचे, रस्त्यावरचे शेण गोळा करून शेणी थापत असे. शेणाला किंमत येताच तेही त्याला मिळेनासे झाले. सामुदायिक संयंत्र हा यावरचा उपाय होता आणि आहे, पण त्यासाठी गावात सहकार लागतो. जो सहकार उसाच्या गाळपासाठी उभा राहू शकला तो शेणासाठी का उभा राहू नये, हा प्रश्न या भागातील सहकारमहर्षींना विचारण्यासारखा आहे. प्रेसमडपासून वायू काढण्याचे प्रकल्प आता कारखान्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. तो वायू दाबून मोटारींना विकण्याआधी कारखान्याच्या कामगार वसाहतीत आणि शेजारच्या गावात त्याची नळी का नेऊ नये?

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, पाटण, जावळी, शिराळ्याकडे, प्रश्नाचे रूप आणखी निराळे आहे. कोयनेच्या पाण्याने ज्यांना उठविले, त्यांच्याच शेजाऱ्यांना २००४ साली चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्या सीमा लागल्या. रानातली मोळी हा गुन्हा ठरला. वनखात्याने जनवन विकास योजनेतून गॅसच्या जोडण्या दिल्या, पण पावसाळ्यात ज्या वाडीचा रस्ता तुटतो तेथे भरलेली टाकी कोण नेणार? बाईने मोळी आणली तर दंड आणि टाकी आणायची तर दिवसाची मजुरी बुडवून डोईवरून. अशा स्थितीत वाघाचे रक्षण तिच्या खर्चाने चालले आहे असेच म्हणावे लागेल.

नळीच्या जाळ्याबाबत आणखी एका गोष्टीकडे नगरपालिका आणि महापालिका यांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेने सांगली बुडविली. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पूररेषेतल्या घरांचे मीटर आणि दाबनियंत्रक पाण्याखाली जाणार हे गृहीत धरून विभागवार झडपा, त्या बंद करण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची, पूर ओसरल्यावर घरोघर तपासणी किती दिवसांत, हे सर्व आधी कागदावर ठरले पाहिजे आणि तो कागद वॉर्डावॉर्डात लागला पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण असलेली माणसे अजून हयात आहेत. नव्या नळ्या लवचिक प्लास्टिकच्या असतात हे खरे, पण घराच्या भिंतीवरची जोडणी भिंतीइतकीच पक्की असते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. शहरांत नळी कोणत्या रस्त्याने जाते याचा नकाशा मागून घ्यावा आणि रस्ता खणण्याच्या परवानगीबरोबर गरीब वस्तीची अट घालण्यास नगरसेवकांना भाग पाडावे. अनामत रक्कम हप्त्याने घेतली जावी. भाडेकरूला मालकाच्या संमतीविना जोडणी मिळावी. नळी जेथे पुढील दहा वर्षांत जाणार नाही अशा गावांत पाच किलोची लहान टाकी रेशन दुकानात मिळावी, अनुदान वजा करून उरलेलेच पैसे घेतले जावेत, आणि टाकीचा भाव रोजगार हमीच्या दीड दिवसाच्या मजुरीपेक्षा अधिक असू नये, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे यावी. ठराव करताना जोडण्या किती एवढे विचारून थांबू नये. गेल्या वर्षी गावात किती टाक्या उतरल्या, तो आकडा वितरकाकडे असतो. तो मागावा आणि फळ्यावर लिहावा.

त्यातही एक काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, अहिल्यानगरहून, तसेच याच दोन जिल्ह्यांतील माण आणि जतमधून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाकडेला कोपी उभी राहते. बाई पहाटे तीनला उठून पाचटाच्या आणि ओल्या लाकडाच्या धुरात भाकरी थापते, आणि उजाडण्यापूर्वी कोयता घेऊन फडात उतरते. उज्ज्वलाच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित मजुरांना रहिवासाच्या दाखल्याऐवजी स्वतःचे लेखी निवेदन पुरेल अशी सवलत आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. सवलत आहे, पैसाही आहे. कोपीत टाकी नाही. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या समारंभाला मंत्री, आमदार आणि संचालक हार घालून घेण्यासाठी येतील, तेव्हा फाटकावर उभे राहून कार्यकर्त्यांनी त्यांना एवढेच विचारावे, की या हंगामात कारखान्याच्या टोळ्यांसाठी भरलेल्या किती टाक्या राखून ठेवल्या आहेत, आणि त्या कोणत्या तारखेला फडात पोचणार आहेत.